मोटारीचा श्वास : नवी नळी की नवी गाळणी?

मोटार ही आता आपल्या मध्यमवर्गीय घरांत चैनीची वस्तू राहिलेली नाही. इंदूरहून पुण्याला लग्नकार्यास जायचे असो, की बेळगावहून चोर्ल्याच्या घाटाने गोव्यात कुलदैवताच्या दर्शनास उतरायचे असो, वडीलधारी माणसे आणि सामानसुमान यांसह घरचीच गाडी काढण्याची रीत पडली आहे. अशा प्रवासात पाच माणसांचा भार घेऊन बिजासनचा घाट चढताना गाडी दमल्यासारखी वाटली, की घरात चर्चा सुरू होते. घरातील तरुण म्हणतो, ‘कोल्ड एअर इनटेक बसवू, गाडी पळू लागेल.’ वडिलांचे मत पडते, ‘एअर फिल्टर बदला म्हणजे झाले.’ पहिल्या उपायाला कित्येक हजार रुपये पडतात, दुसरा काहीशे रुपयांत होतो. प्रश्न एकट्या खर्चाचा असता तर तो सहज सुटला असता. पण येथे इंजिनाच्या आयुष्याचाही प्रश्न गुंतलेला आहे. म्हणून थोड्या तपशिलात शिरणे आवश्यक आहे.

इंजिन पेट्रोलवर चालते असे आपण म्हणतो. वस्तुतः ते पेट्रोलपेक्षा हवाच कितीतरी अधिक खाते. एक भाग पेट्रोल पूर्णपणे जळण्यास वजनाने सुमारे १४.७ भाग हवा लागते. एक लिटर पेट्रोलचे वजन पाऊण किलोच्या आसपास धरले, तर त्यासाठी जवळजवळ ११ किलो, म्हणजे सुमारे ९,००० लिटर हवा हवी. दहा फूट लांब, तितक्याच रुंद व उंच खोलीतील एकतृतीयांश हवा एका लिटरमागे संपते. चाळीस लिटरांची टाकी रिकामी होईतो अशा बारा-तेरा खोल्यांमधील हवा इंजिनातून जाते.

ही हवा धूळविरहित नसते, हीच खरी अडचण आहे. ग्वाल्हेरकडील उन्हाळी वावटळी, माळव्यातील काळ्या मातीची पिठासारखी धूळ, गोव्यातील जांभ्या दगडाचा लाल फुफाटा यांपैकी काहीही आत गेले, तर त्यातील गारेसारखे कठीण कण दट्ट्या आणि सिलिंडरची भिंत यांच्यामधील तेलाच्या पातळ थरात मिसळतात. त्या तेलाची जणू घासण्याची लेई होते. कड्या झिजतात, इंजिन तेल पिऊ लागते आणि त्याची शक्ती कायमची घटते. हे अनिष्ट टाळण्यासाठी वाटेत घड्याघड्यांच्या कागदाची गाळणी बसविलेली असते. घड्या पाडण्याचा हेतू असा, की लहानशा चौकटीत पुष्कळ मोठे क्षेत्रफळ मावावे व हवेला अडथळा कमी व्हावा.

आता कोल्ड एअर इनटेककडे वळू. यात कारखान्याने दिलेली पेटी व नळी काढून त्यांच्या जागी रुंद, गुळगुळीत नळी आणि शंकूच्या आकाराची गाळणी बसवितात. गाळणीचे तोंड इंजिनाच्या उष्णतेपासून दूर, बहुधा बंपरमागे खाली नेतात. यामागील तत्त्व निर्दोष आहे. थंड हवा घन असते; तापमान दहा अंशांनी उतरले की तेवढ्याच आकारमानात सुमारे तीन टक्के अधिक हवा मावते. हवा अधिक, तर इंधन अधिक जाळता येते आणि शक्तीही अधिक मिळते.

तत्त्व खरे असले, तरी घरच्या गाडीत त्याचा लाभ फारसा उरत नाही. पहिली गोष्ट अशी, की आजच्या बहुतेक गाड्यांत कारखान्याचीच नळी पुढील जाळीजवळून किंवा चाकावरील पोकळीतून बाहेरची हवा घेते. म्हणजे गार हवेची सोय मुळातच केलेली असते. टर्बो बसविलेल्या गाड्यांत तर दाबलेली हवा थंड करणारा इंटरकूलर निराळा असतो. दुसरी गोष्ट, पेट्रोलची गाडी शहरात चालविताना ॲक्सिलरेटर थोडाच दाबलेला असतो. हवेच्या मार्गातील झडप अर्धवट मिटलेली असते. त्या वेळी हवा अडवितो तो चालकाचा पाय, गाळणी नव्हे. पूर्ण पाय दाबून इंजिन अतिवेगाने फिरवावे, तेव्हाच रुंद नळीचा काय तो उपयोग. तिसरी गोष्ट कानाची. कारखान्याच्या पेटीत हवा ओढण्याचा आवाज शमविण्याचीही योजना असते. ती काढली की इंजिन गुरगुरू लागते, आणि गुरगुराटालाच आपण सामर्थ्य समजतो.

मग चोंदलेल्या फिल्टरने नुकसान होत नाही काय? होते, पण समजले जाते तसे नव्हे. कार्ब्युरेटरच्या जुन्या गाड्यांत हवा कमी पडली, की मिश्रणात पेट्रोलचे प्रमाण वाढे आणि खर्चही वाढे. आताच्या गाड्यांत संगणक हवा मोजून त्या मानाने इंधन सोडतो. अमेरिकेतील ओक रिज राष्ट्रीय प्रयोगशाळेने २००९ मध्ये केलेल्या चाचण्यांत असे आढळले, की आधुनिक पेट्रोल गाड्यांत चोंदलेल्या फिल्टरमुळे इंधनाच्या खर्चात लक्षणीय फरक पडला नाही. परंतु वेग घेण्याची क्षमता मात्र मंदावली. घाटात गाडी दमते त्याचे एक कारण येथे सापडते. तेथे पाय पूर्ण दाबलेला असतो आणि इंजिनाला हवी तितकी हवा मिळत नाही. नवा कागदी फिल्टर घातला की ही उणीव भरून निघते.

नव्या नळीचे धोकेही ध्यानात घेतले पाहिजेत. पुष्कळदा ‘कोल्ड’ या नावाखाली उघडी गाळणी बोनेटखालीच, आडोशावाचून बसविली जाते. मग ती इंजिनाचीच तप्त हवा ओढते आणि लाभाऐवजी तोटा होतो. उलट, ती खाली बंपरमागे नेली तर पाण्याचे भय. हवा दाबली जाते, पाणी दाबले जात नाही. सिलिंडरमध्ये पाणी शिरले, की वर येणारा दट्ट्या अडतो आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. बडोद्याने २०१९ आणि २०२४ मध्ये, हैदराबादने ऑक्टोबर २०२० मध्ये जे पाणी रस्त्यावर पाहिले, ते आठवले म्हणजे हे भय काल्पनिक वाटणार नाही. अशा नुकसानीची भरपाई नेहमीच्या विम्यात बहुधा मिळत नाही. त्यासाठी इंजिन संरक्षणाचे वेगळे कलम घ्यावे लागते. गाडीत केलेला फेरबदल विमा कंपनीस कळविला नसेल, तर वादाला आणखी एक कारण मिळते. हमीची मुदत चालू असल्यास तीही धोक्यात येऊ शकते.

या दोहोंमधील मार्ग म्हणून धुऊन पुन्हा वापरता येणारा, तेल लावलेला सुती फिल्टर सुचविला जातो. तो मूळ पेटीतच बसतो, हा त्याचा गुण. पण धुतल्यावर तेल अधिक झाले, तर काही गाड्यांत हवा मोजणाऱ्या नाजूक तारेवर ते बसते आणि मोजमाप चुकते. कमी झाले तर धूळ निसटते. नेटकेपणाने हे काम करण्याची सवड व सवय असेल, त्यानेच त्या वाटेस जावे.

गृहस्थाने करावयाचे काम सोपे आहे. गाडीच्या पुस्तिकेत दिलेल्या अंतराला फिल्टर बदलावा; कच्च्या वा धुळीच्या रस्त्यांवर फिरणे असेल, तर त्याआधीच. उन्हाळा संपताना पेटी उघडून पाहावी. कागद दिव्यासमोर धरला असता उजेड दिसेनासा झाला असेल, फाटला असेल वा भिजला असेल, तर तो टाकून द्यावा. कागदी फिल्टर पाण्याने धुऊ नये. जोराच्या हवेचा झोतही मारू नये, त्याने दिसणार नाहीत अशी छिद्रे पडतात. पेटीतील पालापाचोळा ओल्या फडक्याने टिपावा. उंदीर तेथे घर करतात, तेही पाहावे. फिल्टर आपल्याच गाडीचा आणि खात्रीच्या दुकानातील असावा, व त्याची रबरी कड चौकटीत चहूकडून नीट बसावी. कडेला राहिलेल्या फटीतून येणारी धूळ उत्तम फिल्टरही अडवू शकत नाही. नवा फिल्टर घालूनही घाटात गाडी दमत असेल, तर दोष अन्यत्र आहे असे समजून ती जाणत्या मेकॅनिककडे न्यावी.

कोल्ड एअर इनटेक ही वस्तू वाईट आहे असे मात्र नव्हे. चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टई येथील शर्यतीच्या मार्गावर, जेथे इंजिन सतत कमाल वेगाने फिरते, संगणकाची जुळणी त्यानुरूप केलेली असते आणि प्रत्येक शर्यतीनंतर गाडी तपासली जाते, तेथे दोन-चार अश्वशक्तींनाही मोल आहे. घरातील तरुणाचा उत्साह त्यामुळे हसण्यावारी नेऊ नये. वायूची घनता आणि दट्ट्याची गती याविषयी त्याला वाटणारे कुतूहल मोलाचेच आहे. त्याला बोनेट उघडून द्यावे, फिल्टर स्वतःच्या हाताने बदलू द्यावा आणि पुढील घाटात फरक काय पडतो ते त्यालाच पाहू द्यावे. ज्या गाडीतून आजी-आजोबांना आणि मुलाबाळांना न्यावयाचे, तिच्या इंजिनाला अधिक हवेपेक्षा स्वच्छ व कोरड्या हवेची गरज मोठी आहे, आणि ती साध्या कागदी गाळणीने पुरती भागते.