स्विचची किल्ली कोणाकडे?

कार्यालयातील संगणक, मुद्रणयंत्रे व दूरध्वनी यांना परस्परांशी जोडणारा नेटवर्क स्विच बहुधा एखाद्या बंद कपाटात असतो आणि त्याच्याकडे कोणाचे फारसे लक्ष जात नाही. परंतु जमिनीच्या नोंदी, देयके, रुग्णांचे कागद अशी सर्व माहिती याच पेटीतून ये-जा करीत असते. म्हणूनच त्यात बदल करण्याचा अधिकार कोणाला असावा, हा प्रश्न केवळ तांत्रिक नसून प्रशासनाचाही आहे.

अनेक ठिकाणी स्विचवर एकच खाते असते व त्याचा पासवर्ड सर्वांना ठाऊक असतो. कर्मचाऱ्याची बदली होते, ठेकेदार बदलतो, पासवर्ड मात्र तोच राहतो. पुढे बिघाड झाल्यास बदल कोणी केला, याचा शोध लागत नाही. कारखान्यातून आलेला मूळ पासवर्ड न बदलणे तर त्याहून घातक. २०१६ साली 'मिराई' या घातक प्रणालीने अशाच मूळ पासवर्डांच्या आधारे असंख्य कॅमेरे व राउटर ताब्यात घेतले, आणि त्या वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये अमेरिकेतील 'डाइन' या कंपनीच्या सेवेवर हल्ला होऊन अनेक मोठी संकेतस्थळे काही तास बंद पडली.

कामापुरताच अधिकार

प्रत्येकास कामापुरताच अधिकार द्यावा, हे तत्त्व जेरोम साल्टझर व मायकेल श्रोडर यांनी १९७५ साली संगणकसुरक्षेवरील आपल्या निबंधात मांडले. सिस्को कंपनीच्या स्विचमध्ये त्यासाठी ० ते १५ असे अधिकारस्तर आहेत. स्तर १ वरील व्यक्तीस स्थिती पाहता येते, पण रचना बदलता येत नाही. स्तर १५ वर सर्व अधिकार असतात. मधल्या स्तरांना निवडक आज्ञा नेमून देता येतात. उदाहरणार्थ, मदतकक्षातील कर्मचाऱ्यास बंद पडलेले पोर्ट पुन्हा सुरू करण्यापुरतीच मुभा देता येते.

खाते कसे उघडावे?

प्रत्येक व्यक्तीच्या नावे स्वतंत्र खाते उघडून त्याचा स्तर ठरवावा. पासवर्ड देताना 'पासवर्ड' या आज्ञाशब्दाऐवजी 'सिक्रेट' हा शब्द वापरावा. पहिल्या प्रकारात साठवलेला मजकूर सहज उलगडता येतो, दुसऱ्यात तसा येत नाही. त्यानंतर कन्सोल व दूरस्थ जोडण्यांवर 'लॉगिन लोकल' ही आज्ञा द्यावी, म्हणजे प्रवेशाच्या वेळी नाव व पासवर्ड दोन्ही विचारले जातील. टेलनेटमधून पासवर्ड उघड्या स्वरूपात जातो, म्हणून ते बंद करून एसएसएच सुरू करावे.

येथे एक दक्षता आवश्यक आहे. चालू जोडणी न तोडता दुसऱ्या जोडणीवरून नव्या खात्याने प्रवेश करून पाहावा. अन्यथा व्यवस्थापकच बाहेर अडकून पडेल. खातरजमा झाल्यावर रचना कायमस्वरूपी जतन करावी. तसे न केल्यास वीज जाऊन येताच सर्व बदल नाहीसे होतात.

नोंद आणि जबाबदारी

स्विचची संख्या वाढली की रेडियस किंवा टॅकॅक्स प्लस पद्धतीच्या मध्यवर्ती सर्व्हरवरून खाती चालविणे सोयीचे ठरते. तरीही तो सर्व्हर बंद पडल्यास उपयोगी यावे म्हणून प्रत्येक स्विचवर एक स्थानिक खाते राखावे व त्याचा पासवर्ड मोहोरबंद लिफाफ्यात जबाबदार अधिकाऱ्याच्या ताब्यात असावा. 'सर्ट-इन' या केंद्रीय संस्थेच्या एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार संगणकीय प्रणालींच्या नोंदी १८० दिवस जपणे बंधनकारक झाले. परंतु सर्वजण एकाच नावाने आत शिरत असतील, तर अशा नोंदीवरून जबाबदारी निश्चित करता येत नाही.

तिजोरीची किल्ली कोणाच्या ताब्यात आहे, याची नोंद ठेवण्याची शिस्त शासकीय कार्यालयांना नवी नाही. बदलीच्या दिवशी किल्ल्या सोपविल्या जातात, त्याच दिवशी स्विचवरील खातेही बंद झाले पाहिजे. कपाटातील त्या लहानशा पेटीला हीच शिस्त लागू करावयाची आहे.