संगणकांतील बिऱ्हाडकरू

नवा संगणक घरांत आला कीं जुन्याची रवानगी माळ्यावर होते. त्याबरोबर आजोबांनीं जुळविलेला कुलवृत्तान्त, काकूंच्या पाककृति आणि वर्षानुवर्षांचा पत्रव्यवहार हींहि माळ्यावर गेलीं, ही गोष्ट बहुधा मागाहून लक्षांत येते. युनिकोड रूढ होण्यापूर्वीं संगणकावरील मराठी मजकूर बहुतेक ज्या त्या टंकाच्या स्वतंत्र संकेतांनीं लिहिला जाई. तो नव्या यंत्रावर उघडला असतां देवनागरीऐवजीं निरर्थक चिन्हांची रांग दिसते. आणि तो वाचून दाखविणारी जुनी आज्ञावली पुष्कळदां विंडोज एक्सपीसारख्या जुन्या कार्यप्रणालीवांचून चालत नाहीं. अशा कुटुंबांसाठीं ‘व्हर्च्युअल मशीन’, म्हणजे आभासी यंत्र, या सोयीची ओळख करून देण्याचें आम्हीं योजिलें आहे.

मोठ्या वाड्यांत मालक स्वतः राहतो आणि दोन खोल्या बिऱ्हाडकरूस देतो, तसाच हा प्रकार आहे. नवी कार्यप्रणाली ही घरमालक. जुनी ही बिऱ्हाडकरू. दोहोंच्या मध्यें देखरेख करणारी एक आज्ञावली असते. ती मालकाच्या मेमरीपैकीं कांहीं भाग बिऱ्हाडकरूस तोडून देते आणि एक मोठी फाइलच त्याची हार्ड डिस्क म्हणून पुढें करते. बिऱ्हाडकरूच्या बहुतेक आज्ञा प्रोसेसर थेट पाळतो. सर्व वाड्यास धक्का लावूं शकतील अशा आज्ञा मात्र ही देखरेख वाटेंतच अडविते आणि त्यांचा परिणाम त्या दोन खोल्यांपुरताच घडवून आणते. बिऱ्हाडकरूस मात्र वाटतें, सारा वाडा आपलाच आहे!

कल्पना नवी नव्हे. अमेरिकेंत मॅसॅच्युसेट्समधील केंब्रिज येथें आयबीएमच्या तज्ज्ञांनीं १९६७ सालीं सीपी-४० ही व्यवस्था कामास लाविली. तिच्यायोगें एकाच मोठ्या यंत्रावर चौदा आभासी यंत्रें एका वेळीं नांदूं शकत. घरगुती संगणकावर ही सोय १९९९ मध्यें व्हीएमवेअर वर्कस्टेशननें आणिली, आणि २००७ पासून व्हर्च्युअलबॉक्स विनामूल्य मिळूं लागलें.

आतां व्यवहाराच्या गोष्टी. आठ गिगाबाइट मेमरीपैकीं एक गिगाबाइट दिली तरी एक्सपीस पुरे होते. जुन्या प्रणालीचा परवाना आपल्यापाशीं असावा. नव्या संगणकाचा प्रोसेसर इंटेल किंवा एएमडीच्या नेहमींच्या जातीचा असावा. एआरएम जातीच्या प्रोसेसरवर एक्सपी या रीतीनें चालत नाहीं. एक्सपीची सर्वसाधारण डागडुजी ८ एप्रिल २०१४ रोजीं बंद झाली, म्हणून या बिऱ्हाडास इंटरनेटचा दरवाजा मुळींच उघडूं नये.

मजकूर एकदां दिसूं लागला कीं तो युनिकोडमध्यें उतरवून घ्यावा. तें न साधल्यास निदान पीडीएफ करून ठेवावें. रूपांतरांत जोडाक्षरें व रफार यांची गफलत होते. सबब मूळ मजकूर शेजारीं ठेवून घरांतील जाणत्या माणसाकडून तो ओळीनें ताडून घ्यावा. पणजोबांच्या नांवांतील चूक यंत्रास कळत नाहीं. ती ओळखणारीं वडील माणसें घरांत आहेत तोंवरच हें काम उरकावें, हें आमचें आग्रहाचें सांगणें आहे.