एंटर दोन, बिल एक

ईदच्या तोंडावर कापड दुकानात गिऱ्हाइकांची रीघ लागते तेव्हा बिल करणारा माऊसला हात लावत नाही. त्याची बोटे कीबोर्डच्या उजवीकडील आकड्यांवर असतात. म्हणून स्वस्तात बिलाचा प्रोग्राम करून घेणाऱ्या व्यापारी बंधूंनी आधी कीबोर्ड तपासावा, असे आम्हाला वाटते.

दाबलेली कळ लुकलुकणारी रेघ ज्या चौकटीत असेल तिलाच मिळते. रेघ 'मीटर'ऐवजी 'दर'मध्ये राहिली की १२ मीटरचे १२ रुपये दर होतात! तेव्हा एंटर दाबताच रेघ पुढच्या चौकटीत गेली पाहिजे.

पायथनच्या टीकेइंटरमध्ये, लिनक्सवर, इथेच मेख आहे. मोठ्या एंटरचे नाव 'रिटर्न', आकड्यांजवळच्या एंटरचे 'केपी एंटर'. प्रोग्राम करणाऱ्याच्या लॅपटॉपवर बहुधा दुसरे एंटर नसतेच. तो पहिलेच जोडतो आणि दुकानात दुसरे दाबून काहीच होत नाही. इलाज एका जादा ओळीचा आहे. आकड्यांचेही तसेच: वरचा पाच आणि बाजूचा पाच यांची नावे वेगळी, उमटणारे अक्षर एकच. तपासायचे ते अक्षर, कळीचे नाव नव्हे.

पैसे चुकते करण्यापूर्वी दोन्ही एंटर स्वतः दाबून पाहा.