इंजिनचा पार्ट घेताना डबा नव्हे, नंबर पाहा

नाशिकचा व्यापार डिझेलवर चालतो. कांदा, द्राक्षे, मालेगावचे कापड, सारे मुंबई-आग्रा महामार्गावरून ट्रकनेच जाते. आम्ही कापडाचे व्यापारी. पण कसारा घाटात गाडी बंद पडली की ट्रकमालकाबरोबर आमचाही माल अडकतो. म्हणून चार गोष्टी येथे मांडत आहोत.

इंजिन बांधायला काढले की मालकाला घाई असते. गाडीचा हप्ता थांबत नाही. अशा वेळी 'हा पार्ट बसतो' एवढ्यावर सौदा होतो. पण एकाच बोअरच्या टर्बो आणि साध्या इंजिनाचे पिस्टन दिसायला सारखे असले तरी त्यांची घडण वेगळी असू शकते. म्हणून दुकानात गाडीचे नाव नव्हे, इंजिनच्या पट्टीवरचा नंबर सांगावा. कमिन्सच्या पट्टीवर सीपीएल नंबरही असतो. मॉडेल एक आणि सीपीएल वेगळा असेल, तर आतले पार्ट वेगळे असतात.

दुसरी गोष्ट मापाची. क्रँक ०.२५ मिलिमीटर घासला असेल, तर बेअरिंगही त्याच मापाचे हवे. स्टँडर्ड टाकले तर फट राहते, ऑइलचे प्रेशर पडते आणि क्रँक खराब होतो.

तिसरी गोष्ट नोझल-इंजेक्टरची. आपल्या सातपूरच्या बॉश कारखान्यात (२००८ पर्यंत मायको) हेच काम चालते. त्यातली फट मायक्रॉनमध्ये मोजतात, डोळ्यांनी दिसत नाही. कॉमन रेलच्या अनेक गाड्यांत नव्या इंजेक्टरचा कोड इंजिनच्या कॉम्प्युटरमध्ये भरावा लागतो. एप्रिल २०२० नंतरच्या बीएस-६ गाड्यांचे काम म्हणूनच माहीतगार मिस्त्रीकडे द्यावे.

कंपनीच्या डब्यात नसलेला प्रत्येक पार्ट वाईट नसतो. गाडीच्या कंपनीला पार्ट पुरवणारे काही कारखाने तोच माल आपल्या नावाने बाजारातही विकतात. दुसऱ्याचे नाव छापलेला नकली डबा मात्र सरळ धोका आहे.

हजरत पैगंबर (स.) यांनी बाजारात धान्याच्या राशीत हात घातला, तेव्हा आतला माल ओला लागला. भिजलेले धान्य वर का ठेवले नाहीस, असे त्यांनी विक्रेत्याला विचारले. पार्टच्या दुकानदार बंधूंनाही हाच नियम लागू आहे. माल ओरिजिनल आहे की लोकल, हे आधी सांगावे आणि पक्क्या बिलावर पार्ट नंबर लिहावा. ग्राहकानेही पार्ट नंबर नसलेले बिल घेऊ नये आणि जुना पार्ट नव्याशी ताडून पाहिल्याशिवाय भंगारात देऊ नये.