‘मी आलो’ म्हणणारी मुलगी

कोठीच्या सुलतान बाजारात मराठी, तेलुगू व दक्खिनी एकाच वेळी कानी पडतात. तेलुगूत स्त्री असो वा पुरुष, दोघेही ‘नेनु वच्चानु’ असेच म्हणतात. प्रमाण मराठी मात्र ‘मी आलो’, ‘मी आले’ असा भेद करून बोलणाऱ्याचे लिंग क्रियापदातूनच वदवून घेते. तथापि कोल्हापूर-सांगलीकडील कित्येक घरांत स्त्रियाही सहज ‘मी आलो’ म्हणतात.

त्या भागातून आलेल्या एका कुटुंबातील मुलगी एकदा आमच्या वर्गात म्हणाली, “गुरुजी, मी आलो.” वर्ग हसला, आम्हीही ‘आले म्हण’ म्हणून दटावले. पुढे कित्येक दिवस ती वर्गात बोललीच नाही. आम्ही चूक ठरविली होती ती तिच्या आजीची बोली!

पेनेलोपी एकर्ट व सॅली मॅकॉनेल-जिने या विदुषींनी २००३ साली ‘भाषा आणि लिंगभाव’ या विषयावरील आपल्या ग्रंथात हेच विशद केले आहे : स्त्रीचे बोलणे निसर्गाने नेमून दिलेले नसते, ते माणसांच्या नित्य व्यवहारात घडते. म्हणून वाचकहो, मुलींना लेखनातील प्रमाण रूप अवश्य शिकवावे, परंतु घरच्या बोलीला हसू नये. परप्रांतात मराठी टिकते ती निःसंकोच बोलणाऱ्यांच्या मुखी.