घरगुती रोलिंग शटर : बिघाड व दुरुस्ती

रोलिंग शटर (बोलीभाषेत नुसते ‘शटर’) हे अरुंद पोलादी पट्ट्या एकमेकींत अडकवून तयार केलेले आणि उघडताना चौकटीच्या माथ्यावरील नळीभोवती गुंडाळले जाणारे दार होय. महाराष्ट्रातील शहरांत दुकानाच्या गाळ्याला आणि घराच्या तळमजल्यावरील गाडीच्या खोलीला बहुधा याच प्रकारचे दार असते. अमेरिकेत व युरोपात घरगुती गॅरेजला रुंद फळ्यांचे, छताखाली आडवे सरकणारे दार रूढ आहे. भारतात ते मोजक्या बंगल्यांपुरते मर्यादित आहे. शटरचे बहुतेक किरकोळ दोष घरच्या घरी दूर करता येतात. मात्र त्याच्या स्प्रिंगमध्ये साठलेल्या ताणामुळे काही दुरुस्त्या अननुभवी व्यक्तीने केल्यास गंभीर इजा होऊ शकते.

छत्रपती संभाजीनगरमधील वापर

छत्रपती संभाजीनगर (पूर्वीचे औरंगाबाद) हे दरवाजांचे शहर म्हणून ओळखले जाते. जुन्या शहराच्या वेशी आणि वाड्यांची दारे उभ्या कडेवर फिरत आणि त्यांचे वजन चौकट व जमीन पेलत असे. शटरचे वजन मात्र डोक्यावर टांगलेले असते. त्याच्या बिघाडांचे स्वरूप आणि त्यांतील धोका या एका फरकातून समजतो.

१९७० च्या दशकापासून सिडकोने शहराच्या पूर्वेस व उत्तरेस वसवलेल्या, ‘एन’ या अक्षराने ओळखल्या जाणाऱ्या भागांत आणि त्यानंतर वाढलेल्या वसाहतींत रस्त्याकडील खोलीला शटर बसवलेली घरे सर्रास दिसतात. अशी खोली कधी गाडीसाठी, कधी दुकानासाठी, तर कधी शिकवणीच्या वर्गासाठी वापरली जाते. वापर बदलला की दाराची दिवसातील उघडझापही बदलते. गाडीसाठी दोनदा उघडणारे शटर दुकान थाटल्यावर दहा वेळा उघडू लागते आणि त्याची स्प्रिंग त्याच प्रमाणात लवकर थकते.

रचना व कार्य

शटरचे मुख्य भाग असे : एकमेकींत अडकवलेल्या पट्ट्या, त्यांच्या खाली जाड तळपट्टी, दोन्ही बाजूंना पट्ट्यांची टोके धरून ठेवणाऱ्या उभ्या खोबणी (यांना ‘गाईड’ किंवा ‘चॅनल’ म्हणतात), माथ्यावरील नळी व तिच्यावरील चाके, चाकांच्या आत बसवलेल्या पिळाच्या स्प्रिंगा आणि हे सर्व झाकणारी पत्र्याची पेटी. भारतीय मानक ब्युरोचे आयएस ६२४८ हे मानक धातूची शटरे व जाळीची शटरे यांच्यासाठी आहे. केंद्रीय सार्वजनिक बांधकाम विभागाच्या दरसूचीत १० चौरस मीटरपेक्षा मोठ्या शटरसाठी साखळीने फिरवायची यांत्रिक जोडणी स्वतंत्रपणे धरलेली असते. त्याहून लहान शटर हाताने ढकलून उघडण्याजोगे मानले जाते.

ते हाताने उघडता येते याचे श्रेय स्प्रिंगला आहे. १ मिलिमीटर जाडीच्या पोलादी पत्र्याचे वजन दर चौरस मीटरला सुमारे ७.८५ किलोग्रॅम भरते. आठ फूट रुंद व आठ फूट उंच शटरचे क्षेत्रफळ जवळपास ६ चौरस मीटर होते. म्हणजे सपाट पत्रा धरला तरी ते ४५ किलोग्रॅमच्या वर जाते आणि पट्ट्यांच्या वळवलेल्या कडा व तळपट्टी मिळून प्रत्यक्षात आणखी वाढते. शटर खाली येताना स्प्रिंग पिळली जाते आणि वर जाताना तीच हे वजन उचलण्यास मदत करते. त्यामुळे शटर बंद असताना स्प्रिंगमधील ताण सर्वाधिक असतो. पूर्ण उघडल्यावरही तो शून्य होत नाही, कारण बसवतानाच स्प्रिंगला काही पीळ देऊन ठेवलेला असतो. ‘वर गुंडाळलेले शटर म्हणजे सैल स्प्रिंग’ ही समजूत चुकीची असून तिच्यावर विसंबून पेटी उघडणे धोक्याचे ठरते.

सामान्य बिघाड

शटर जड होणे. ही सर्वांत जास्त आढळणारी आणि सर्वांत जास्त दुर्लक्षिली जाणारी तक्रार आहे. खोबणीत धूळ साचणे हे तिचे साधे कारण असते. शहराच्या कोरड्या उन्हाळ्यात रस्त्यावरील बारीक माती खोबणीत बसते. तिच्यावर ग्रीस लावल्यास माती आणि ग्रीस यांचा घट्ट लगदा होतो, हा नेहमीचा चुकीचा उपाय आहे. खोबणी कोरड्या ब्रशने व फडक्याने पुसून त्यात मेणबत्तीचे मेण, ग्राफाइट किंवा सिलिकॉनचा फवारा यांपैकी धूळ न धरणारे वंगण अल्प प्रमाणात वापरावे. ग्रीसची जागा माथ्यावरील बेअरिंगमध्ये असते.

खोबणी स्वच्छ असूनही शटर जड लागत असेल, तर दोष स्प्रिंगचा समजावा. तो ओळखण्याची सोपी रीत अशी की, शटर कमरेइतक्या उंचीपर्यंत न्यावे आणि हाताची पकड न सोडता जोर हळूहळू कमी करावा. समतोल शटर जवळपास तेथेच थांबते. ते खाली ओढले जात असेल, तर स्प्रिंगचा ताण कमी झालेला असतो. स्वतःहून वेगाने वर जात असेल, तर तो गरजेपेक्षा अधिक असतो. ही तपासणी करताना कोणीही शटरखाली उभे राहू नये.

स्प्रिंग तुटणे. तुटताना बंदुकीच्या बारासारखा आवाज होतो आणि पुढच्या वेळी शटर एका माणसाला उचलत नाही. परंतु एका शटरमध्ये बहुधा दोन किंवा अधिक स्प्रिंगा असतात. त्यांतील एकच तुटली, तर दार उघडत राहते, फक्त तिरके चालते. एक बाजू मागे पडते, पट्ट्या खोबणीत रुततात आणि घरमालक खोबणीला दोष देतो. जोर लावून असे शटर महिनोन्‌महिने वापरले जाते व उरलेल्या स्प्रिंगवर सगळा भार येतो. तीही तुटल्यास हवेत असलेले शटर अचानक खाली येऊ शकते. तुटलेली स्प्रिंग वेल्डिंगने जोडता येत नाही. उष्णतेने पोलादाचा कस जातो आणि सांध्याशेजारीच ती पुन्हा मोडते.

पट्ट्या सरकणे किंवा वाकणे. पट्ट्यांच्या टोकांना त्या आडव्या सरकू नयेत म्हणून क्लिपा असतात. क्लिप निघाली की पट्टी एका बाजूला सरकून खोबणीला घासते आणि खरखर आवाज येतो. गाडीचा धक्का लागून पट्टी वाकल्यास ती गुंडाळताना शेजारच्या पट्ट्यांनाही वाकवते. लहान पोचा लाकडी ठोकळ्याच्या आधाराने सरळ करता येतो. कडेचा वळ उघडला असेल, तर पट्टी बदलावी लागते.

गंज. गंजाची सुरुवात तळपट्टीपासून होते. पावसाचे पाणी, फरशी धुतल्याचे पाणी आणि उंबऱ्याशी साचणारा चिखल तेथेच थांबतो. नळाला अनेक दिवसांच्या अंतराने पाणी येणाऱ्या या शहरात गाडीच्या खोलीतच पाण्याची टाकी किंवा ड्रम ठेवलेले असतात. टाकी भरून वाहिली की पाणी शटरखालून बाहेर पडते. तळपट्टी घासून तिला गंजरोधक रंग देणे आणि उंबऱ्याला बाहेरच्या बाजूस उतार ठेवणे एवढा उपाय पुरतो. खोबणीचा तळ गंजून भिंतीपासून सुटला असेल, तर मात्र तो वेल्डिंगचा विषय आहे.

चौकट हलणे व काळी माती

काही शटरे पावसाळ्यात अडकतात आणि उन्हाळ्यात सुरळीत चालतात. अशा वेळी शटरऐवजी जमिनीकडे पाहावे. मराठवाड्यातील काळी माती ओल लागली की फुगते आणि वाळली की आक्रसून तिला भेगा पडतात. पाया मुरूम किंवा खडकापर्यंत न नेलेल्या, काळ्या मातीवर टेकलेल्या बांधकामात या हालचालीने भिंत किंचित कलते, दोन खोबणींमधील अंतर बदलते किंवा फरशी उचलली जाऊन तळपट्टीला मधेच अडवते. खोबणींमधील अंतर वर, मध्ये व खाली अशा तीन ठिकाणी मोजावे आणि प्रत्येक खोबणीशी ओळंबा धरावा. मापांत स्पष्ट फरक आढळल्यास शटर कारागिराच्या आधी बांधकाम जाणणाऱ्या व्यक्तीस दाखवणे योग्य. नाहीतर दर पावसाळ्यात खोबणी ठोकून घेण्याचा खर्च चालूच राहतो.

‘उन्हाने शटर फुगले’ हे स्पष्टीकरण मात्र फारसे टिकत नाही. अडीच मीटर लांबीची पोलादी पट्टी ५० अंश सेल्सिअसने तापली, तरी तिची लांबी सुमारे दीड मिलिमीटरनेच वाढते आणि नीट बसवलेल्या शटरच्या खोबणीत याहून अधिक मोकळीक असते.

मोटारीवर चालणारी शटरे

मोटार दोन प्रकारे बसवतात. नळीवरच मध्यभागी बसवलेल्या मोटारीत वजन पेलण्याचे काम स्प्रिंगाच करतात. बाजूला भिंतीवर बसवलेल्या मोटारीत साखळीद्वारे सर्व भार मोटार उचलते. पहिल्या प्रकारात समतोल बिघडलेल्या शटरला मोटार जोडल्यास ती लवकर जळते. जड झालेल्या शटरवर उपाय म्हणून मोटार बसवून घेणाऱ्यांनी ही गोष्ट लक्षात घ्यावी. लागोपाठ अनेकदा उघडझाप केल्यावर मोटार बंद पडणे हा बहुधा बिघाड नसतो. तापमान वाढल्यावर वीज तोडणारी सोय त्यात असते आणि मोटार थंड झाल्यावर ती पुन्हा चालू होते. वीज गेल्यावर हाताने उघडण्याची दोरी किंवा साखळी कोठे आहे, हे घरातील प्रत्येकाला ठाऊक असावे, विशेषतः त्या खोलीला दुसरे दार नसेल तर.

अमेरिकेत १ जानेवारी १९९३ पासून तयार होणाऱ्या घरगुती स्वयंचलित गॅरेज यंत्रणांना, दाराखाली कोणी अडकू नये यासाठीची संरक्षक सोय सक्तीची आहे. दाराच्या मार्गात काही आल्यास ते ओळखणारा प्रकाशकिरण हा तिचा एक प्रकार. लहान मुले असलेल्या घरात मोटार घेताना असा संवेदक मागून घ्यावा.

कारागिरास केव्हा बोलवावे

सफाई, वंगण, रंग, कुलपाची दुरुस्ती, सैल झालेले बाहेरचे स्क्रू आवळणे आणि रिमोटची बॅटरी बदलणे ही कामे घरी करता येतात. माथ्यावरील पेटी उघडावी लागेल असे कोणतेही काम, म्हणजे स्प्रिंग, नळी, तिचे आधार व बेअरिंग यांची दुरुस्ती, अनुभवी शटर कारागिराकडेच द्यावे. आधाराचे बोल्ट भिंतीतून सैल होणे हे पेटीबाहेरून दिसणारे चिन्ह असले, तरी ते साधे समजू नये. त्या बोल्टवर शटर आणि स्प्रिंग या दोहोंचा भार असतो.

चिकलठाणा, वाळूज व शेंद्रा येथील औद्योगिक वसाहतींमुळे शहरात पत्राकाम व वेल्डिंग जाणणाऱ्यांची वाण नाही. पण उत्तम वेल्डिंग येणाऱ्यास स्प्रिंगचा ताण उतरवता येतोच असे नाही. काम सोपवण्यापूर्वी ताण कसा उतरवणार, हे विचारावे. जाणकार कारागीर आधी नळी फिरणार नाही अशी जखडतो आणि मगच स्प्रिंग सोडतो. एक स्प्रिंग तुटली असल्यास जोडीच्या सर्व स्प्रिंगा एकदमच बदलणे इष्ट, कारण त्या सारख्याच थकलेल्या असतात. नव्या स्प्रिंगच्या तारेची जाडी व लांबी जुनीशी ताडून घ्यावी आणि पैसे देण्यापूर्वी वर सांगितलेली समतोलाची तपासणी कारागिराकडूनच करवून घ्यावी.

कारागीर येईपर्यंत अर्धवट अडकलेले शटर ओढू नये. तळपट्टीखाली दोन्ही टोकांना मजबूत लाकडी टेकू द्यावेत, मोटार असल्यास तिचा वीजपुरवठा बंद करावा आणि मुलांना व पाळीव प्राण्यांना तेथून दूर ठेवावे. आत गाडी अडकली असली, तरी टेकूंच्या भरवशावर ती शटरखालून बाहेर काढू नये.