चौकट : मॅग्दा नाखमनला जागा द्यायला हवी

मुंबईच्या आधुनिक चित्रकलेला हिटलरमुळे परागंदा झालेल्या युरोपीयांनी हात दिला, हे सांगताना नावे ठरलेली असतात : समीक्षक रुडी फॉन लायडन, चित्रकार वॉल्टर लँगहॅमर, संग्राहक इमॅन्युएल श्लेसिंगर. बर्लिनहून आलेली व्यक्तिचित्रकार मॅग्दा नाखमन (१८८९-१९५१) मात्र बहुधा सुटते. जन्म सेंट पीटर्सबर्गचा, गुरू लेऑन बाक्स्ट. १९१३मध्ये तिने कवयित्री मरीना त्स्वेतायेवाला समोर बसवून निळ्या पोशाखात रंगवले. भारतीय क्रांतिकारक एम. पी. टी. आचार्य यांच्याशी लग्न करून १९२२मध्ये ती बर्लिनला गेली. तिथे १९३३मध्ये तिने लेखक नाबोकोव यांचे व्यक्तिचित्र केले. त्यानंतर काही वर्षांतच हे जोडपे मुंबईला आले.

तिने नवी शैली रुजवली नाही, तेव्हा मुंबईच्या आधुनिक चित्रकारांच्या १९४७च्या प्रोग्रेसिव्ह गटाच्या इतिहासात तिचे काय काम, असा आक्षेप घेता येईल. पण लायडन आणि श्लेसिंगर यांचे स्थान तरी शैलीमुळे कुठे आहे? त्यांनी दृष्टी आणि आश्रय दिला, म्हणून ते आठवतात. मग पीटर्सबर्गची तालीम मुंबईत आणून इथली माणसे रंगवणारीला वेगळा निकष का? व्यक्तिचित्र पोटासाठी केलेले असते म्हणून दुय्यम, हेही पटत नाही. त्या न्यायाने राजा रविवर्माही बाद होतील. १२ फेब्रुवारी १९५१ रोजी, तिच्या मुंबईतल्या प्रदर्शनाच्या उद्घाटनाला काही तास उरले असताना ती गेली. म्हणजे अखेरपर्यंत ती इथली कार्यरत चित्रकार होती. तिची नोंदही तशीच व्हायला हवी.